हार्मोन कमी पडलेलं हाड आणि दाताचं इम्प्लांट : तयारीपासून देखभालीपर्यंत

इम्प्लांट बसवून तीन आठवडे झाले की बहुतेक पेशंट खुशीत असतात. सूज उतरलेली असते, टाके निघालेले असतात, दुखणं थांबलेलं असतं. आणि नेमक्या ह्याच दिवसांत तो टायटॅनियमचा स्क्रू हाडात सगळ्यात कमी घट्ट असतो. बसवताना जुन्या हाडाने त्याला आवळून धरलेलं असतं. छिद्र पाडताना दुखावलेलं ते हाड शरीर हळूहळू काढून टाकतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पकड सैल होते. नवीन हाड तयार व्हायला लागलेलं असतं, पण ते अजून कोवळं असतं.

निरोगी माणसात ही कच्ची वेळ लवकर सरते. शरीरात एखादं हार्मोन कमी असेल तर ती लांबते, आणि कधीकधी पकड इतकी ढिली होते की इम्प्लांट हाताला हलतं. गेली बरीच वर्षं मी इम्प्लांट बसवते आहे. हार्मोन कमी आहे एवढ्याच कारणाने इम्प्लांट नाकारावं असं बहुतेक पेशंटच्या बाबतीत मला वाटत नाही. पण शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी हार्मोनची चौकशी झालीच पाहिजे, आणि ती फार वेळा राहून जाते. दातांच्या डॉक्टरांना हाडांच्या औषधांची कल्पना नसते, हाडांच्या डॉक्टरांना दाताचा बेत ठाऊक नसतो, आणि मध्ये पेशंट असतो. तो निरोप पोचवणं पेशंटच्या हातात आहे, म्हणून हा लेख पेशंटसाठी लिहिते आहे.

हाडात नेमकं काय चालतं

१९५२ मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तपुरवठा पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं यंत्र नंतर काढायला गेले तर ते निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन ह्या पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसवली. लार्सन २००६ मध्ये गेले, तोवर चाळीस वर्षं ती इम्प्लांट कामात होती. हाड आणि धातू असे थेट जुळण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. ह्यात टायटॅनियमचा वाटा एवढाच की त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर शरीराला खुपत नाही. पुढचं सगळं काम हाडाचं.

नैसर्गिक दात हाडात धाग्यांनी टांगलेला असतो, चावताना तो किंचित दबतो आणि परत वर येतो. इम्प्लांटला ते धागे नसतात. चावण्याचा सगळा भार सरळ हाडावर जातो.

आपलं हाड आयुष्यभर थोडं थोडं मोडलं जातं आणि थोडं थोडं बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. एका जागी मोडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. तीच जागा पुन्हा भरायला सुमारे तीन महिने लागतात. हार्मोन कमी झाल्यावर हाड का झिजतं ह्याचं अर्धं उत्तर ह्या हिशेबात आहे. एकाच वेळी जास्त ठिकाणी मोडतोड सुरू झाली, तर भरणाऱ्या पेशी कितीही राबल्या तरी मागेच पडतात.

ह्या पेशींना हुकूम देणारे रेणू असतात. रँकएल नावाचा रेणू मोडणाऱ्या पेशींना कामाला लावतो, ऑस्टिओप्रोटेजेरिन त्याला अडवतो. इस्ट्रोजेन ह्या दुसऱ्याच्या बाजूने असतं. ते कमी झालं की रँकएल मोकाट सुटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हाडाचं बाहेरचं कवच टणक असतं, आतला भाग स्पंजसारखा जाळीदार. कवचाचं वर्षाला साधारण ३ टक्के हाड बदलतं, जाळीदार भागाचं साधारण २५ टक्के. म्हणून हार्मोनची कमतरता आधी जाळीदार हाडात दिसते. वरच्या जबड्याचा मागचा भाग, म्हणजे वरच्या दाढांची जागा, बहुतांशी असाच जाळीदार असतो आणि त्यावरचं कवच पातळ असतं. त्यामुळे एकाच बाईंच्या खालच्या पुढच्या भागातलं इम्प्लांट तीन महिन्यांत पक्कं होतं आणि वरच्या दाढेच्या जागी मात्र सहा महिने थांबावं लागतं. त्यात कुणाची चूक नसते.

कोणतं हार्मोन कमी झालं की काय बिघडतं

इस्ट्रोजेनपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त पेशंट ह्याच गटातले. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. ह्या काळात काही स्त्रियांच्या हाडाची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलेले असतील किंवा पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर हीच झीज लवकर सुरू होते आणि जास्त वर्षं चालते. अंडाशय काढलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत इम्प्लांटच्या पृष्ठभागाला चिकटलेलं हाड कमी असल्याचं पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. माणसांमधलं चित्र त्यापेक्षा दिलासा देणारं आहे. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असलेल्या पेशंटची इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण इतरांपेक्षा फारसं कमी आढळत नाही, इम्प्लांटच्या कडेच्या हाडाची झीज मात्र थोडी जास्त आढळते. माझ्या मते ह्याचं एक कारण असं की उंदराच्या पायाला वाट पाहण्याची मुभा नसते, आपल्या जबड्याला ती देता येते.

इस्ट्रोजेन कमी झालं की तोंड कोरडं पडतं, हिरडी नाजूक होते, काहींची जीभ जळजळते. लाळ कमी म्हणजे जंतूंना मोकळं रान. ह्याचा इम्प्लांटशी संबंध पुढे देखभालीत येतो.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी झालं की हाड झिजतं, पण हे सहसा कुणी तपासत नाही. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि पुरुषाच्या हाडाचं बरंचसं रक्षण तोच करतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी टेस्टोस्टेरॉन मुद्दाम उतरवणारी इंजेक्शनं देतात, तशीच स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या इस्ट्रोजेन उतरवतात. ही ठरवून आणलेली कमतरता असते, आणि तिच्या जोडीला हाडं सांभाळायची ताकदवान औषधंही बहुतेक वेळा चालू असतात. त्यांचा विषय चौथ्या पायरीत.

व्हिटॅमिन डी नावाने जीवनसत्त्व असलं तरी वागणूक हार्मोनसारखी. उन्हाने त्वचेत तयार होतं, यकृत आणि मूत्रपिंडात त्याचं कामाचं रूप बनतं, मग ते आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं. डी फार कमी असताना इम्प्लांट पहिल्या काही महिन्यांतच निकामी होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही पाहणींत आढळलं आहे. हा संबंध कार्यकारणाचा आहे असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण तपासणी सोपी, कमतरता भरून काढणं सोपं, म्हणून मी ती तपासणी वगळत नाही.

इन्सुलिन कमी पडत असेल, म्हणजे मधुमेह असेल, तर बांधणाऱ्या पेशी आळसावतात. जास्त काळ वाढलेली साखर हाडातल्या कोलाजेनला चिकटून ते कडक पण ठिसूळ करते, आणि जखम भरायला वेळ लागतो. थायरॉइड कमी असताना हाडाची उलाढालच मंदावते. गोळीने ते जागेवर असेल तर इम्प्लांटला सहसा अडचण येत नाही. उलट गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर हाड झिजतं, म्हणून डोस बरोबर असणं महत्त्वाचं. पॅराथायरॉइडची कमतरता बहुतेक वेळा गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर येते. त्यात रक्तातलं कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. गळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर दातांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. ग्रोथ हार्मोन कमी असणारे प्रौढ क्वचित भेटतात, त्यांचं हाड बारीक आणि सावकाश बनणारं असतं. वाढीच्या वयातल्या मुलांना इम्प्लांट बसवायचंच नसतं, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट जागच्या जागी राहतं.

पहिली पायरी : औषधांची पूर्ण यादी

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक बाई वरच्या दाढेच्या इम्प्लांटसाठी आल्या. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. तोंडी विचारलं तर म्हणाल्या, "काहीच चालू नाही." ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दिसणारा एक्स-रे, काढला. खालच्या जबड्याच्या तळाशी पांढऱ्या पट्टीसारखी दिसणारी कडा दोऱ्याएवढी बारीक झाली होती. तेव्हा मी नेमकं विचारलं, "हाडांसाठी कधी काही उपचार घेतलेत का?"

"पाठीचा मणका दबला होता ना तीन वर्षांपूर्वी. त्याचं इंजेक्शन घेते दर सहा महिन्यांनी. पण ती गोळी नाही डॉक्टर, म्हणून लिहिलं नाही."

आमच्या फॉर्मवर खरंच "चालू गोळ्या" एवढंच छापलेलं होतं. पुढचं इंजेक्शन बारा दिवसांवर होतं. मी विचारलं नसतं तर आम्ही चुकीच्या वेळी हाडात हात घातला असता. त्या आठवड्यात मी फॉर्म बदलला.

यादी करताना म्हणून एवढं जरूर लिहा: रोजच्या गोळ्या, आठवड्याला किंवा महिन्याला एकदा घ्यायच्या गोळ्या, सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा मिळणारी इंजेक्शनं आणि सलाइनमधून दिलेली औषधं, त्यांच्या शेवटच्या तारखेसह. आता बंद झालेली हाडांची औषधंही लिहा, कारण अ‍ॅलेंड्रोनेटसारखं औषध बंद केल्यावरही हाडात वर्षानुवर्षं राहतं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, नैराश्यावरच्या गोळ्या आणि स्टिरॉइड ह्यांचाही हाडाशी संबंध आहे. पाळी कधी गेली, अंडाशय काढलेत का, किरकोळ पडल्यावर मनगट किंवा कंबरेचं हाड मोडलं होतं का, उंची कमी झाली आहे का, आईवडिलांना हाडं ठिसूळ होण्याचा त्रास होता का, हेही. सिगारेट ओढत असाल तर तीही लिहा, लपवून फायदा नाही.

दुसरी पायरी : तपासण्या

सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत. पाळी गेलेल्या बाईंसाठी आणि पासष्टीच्या पुढच्या कुणासाठीही मला २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढ्या रक्ततपासण्या पुरेशा वाटतात. ह्यापैकी एखादी गेल्या काही महिन्यांत झालेली असेल तर पुन्हा करायची गरज नाही. टेस्टोस्टेरॉन तपासायचं असेल तर सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारच्या एका रिपोर्टवर निर्णय होत नाही.

आकडे वाचायला थोडी मदत. डी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता, २० ते ३० मध्ये असेल तर काही संस्था त्याला अपुरं म्हणतात. एचबीए१सी ७ च्या आसपास असावं, ८ च्या वर असेल तर मी घाई नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलते. हाडाची घनता डेक्सा स्कॅनने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिलेल्या निकषाप्रमाणे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता कमी पण आजाराइतकी नाही. डेक्सा कंबर आणि मणक्याचं मोजमाप देतो, जबड्याचं नाही. तो रिपोर्ट आला म्हणून जबड्याचा स्कॅन टळत नाही.

एका तपासणीबद्दल इशारा. सीटीएक्स नावाची रक्ततपासणी करून जबड्याचं हाड कुजण्याचा धोका सांगता येतो असं काही जण मानतात. त्या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, तो धोका त्यातून भरवशाने कळत नाही.

तिसरी पायरी : कमतरता भरून काढणं

हे काम फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञांचं. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहायची.

व्हिटॅमिन डीचा डोस सुरू केल्यावर साधारण आठ ते बारा आठवड्यांनी पातळी पुन्हा तपासतात. मनानेच जास्त डोस घेऊ नका, डी शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढवू शकतं. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम एवढं एकूण मिळावं. आहारातून जेवढं मिळतं ते मोजून उरलेलंच गोळीने घ्यायचं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी ह्यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. कित्येकांचा टीएसएच एवढ्यानेच जागेवर येतो.

"मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू करू का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येतो. केवळ इम्प्लांटसाठी नाही. ह्या उपचाराने हाडांचं रक्षण होतं हे खरं. पण २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी ह्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. वय, पाळी जाऊन झालेली वर्षं, घरातला कॅन्सरचा इतिहास ह्यावर फायदा-तोट्याचं गणित बदलतं. गरम वाफा येणं, झोप न लागणं, लवकर गेलेली पाळी अशा कारणांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो उपचार सुरू केला असेल तर जबड्याच्या हाडाला त्याचा फायदाच आहे. आधीपासून चालू असेल तर शस्त्रक्रियेसाठी तो मनाने बंद करू नका, आणि चालू असल्याचं सांगा.

ॲड्रिनल ग्रंथी निकामी असल्याने रोज हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचा डोस चुकवायचा नाही. शस्त्रक्रियेचा ताण म्हणून डोस वाढवायचा का, किती, हे हार्मोनतज्ज्ञांकडून आधीच लेखी घ्या. स्टिरॉइड अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

चौथी पायरी : हाडांच्या औषधांचं वेळापत्रक

ही पायरी सगळ्यात काळजीची. ठिसूळ हाडांची मुख्य औषधं मोडणाऱ्या पेशींना थोपवतात. मणका आणि कंबर वाचवायला ती हवीतच. पण जबड्यात जखम झाल्यावर खराब हाड काढून टाकण्याचं कामही त्याच पेशींचं असतं. तो मार्ग बंद पडला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही. आठ आठवड्यांपेक्षा जास्त काळ हाड उघडं राहिलं, पेशंट अशी औषधं घेत असेल किंवा आधी घेतलेली असतील, आणि जबड्याला किरणोपचार झालेले नसतील, तर त्याला औषधामुळे होणारा जबड्याचा ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. हा त्रास पहिल्यांदा २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आला.

धोका किती? ऑस्टिओपोरोसिससाठी तोंडाने गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो हजारात एकापेक्षाही कमी. त्यांना इम्प्लांट सहसा बसवता येतं. कॅन्सर हाडात पसरल्यामुळे झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब मोठ्या डोसमध्ये वारंवार घेणाऱ्यांमध्ये तो कितीतरी पटींनी जास्त. त्या पेशंटना मी इम्प्लांट बसवत नाही. त्यांना ब्रिज किंवा नीट बसणारी कवळी द्यावी. त्यांच्या बाबतीत ह्या निर्णयावर मी कधी माघार घेतलेली नाही.

डेनोसुमॅब, म्हणजे सहा महिन्यांनी मिळणारं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, ह्याचा स्वभाव वेगळा. त्याचा परिणाम ओसरतो, आणि ओसरल्यावर हाड इतक्या वेगाने झिजतं की डोस लांबला तर एकामागून एक मणके मोडू शकतात. दातासाठी हे इंजेक्शन कधीही पुढे ढकलू नका. इंजेक्शन ठरल्या दिवशी घ्या, त्यानंतर तीन-चार महिन्यांनी परिणाम उतरत असताना इम्प्लांट बसवा, म्हणजे पुढच्या इंजेक्शनच्या आधी जखम भरायला सहा-आठ आठवडे मिळतात. वर सांगितलेल्या बाईंच्या बाबतीत आम्ही हेच केलं. त्यांच्या फिजिशियनना फोन केला, बाराव्या दिवशी इंजेक्शन झालं, साडेतीन महिन्यांनी इम्प्लांट बसलं.

टेरिपॅराटाइड हे पॅराथायरॉइड हार्मोनचाच तुकडा असलेलं औषध, ते हाड बांधायला लावतं. ते चालू असताना इम्प्लांटला अडथळा नसतो. पण इम्प्लांटसाठी म्हणून ते सुरू करायचं नसतं.

पाचवी पायरी : जबडा पाहून घेणं

ओपीजीवर स्वतःही पाहू शकाल अशी एक गोष्ट सांगते. खालच्या जबड्याच्या तळाला डावीकडून उजवीकडे जाणारी पांढरी पट्टी असते, ती कवचाची कडा. उपदाढांच्या मुळांखाली एक गोल काळसर ठिपका दिसतो, तिथून नस बाहेर येते. त्या ठिपक्याखाली ही पट्टी साधारण ३ मिलिमीटर किंवा जास्त जाड असावी. बारीक असेल, किंवा तिची आतली कड कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर डॉक्टरांना विचारा, "डेक्सा करायला हवा का?" दाताच्या फोटोवरून हाडांचा आजार पहिल्यांदा लक्षात आला, असं माझ्याकडे एकापेक्षा जास्त वेळा घडलं आहे.

प्रत्यक्ष जागेची लांबी-रुंदी सीबीसीटी ह्या जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर कळते. आणि उरलेल्या दातांच्या हिरड्या सुजलेल्या असतील, दात हलत असतील, तर आधी तो उपचार पूर्ण करा. पायोरिया तसाच ठेवून शेजारी इम्प्लांट बसवणं मला मान्य नाही.

सहावी पायरी : शस्त्रक्रियेत काय बदलायचं

हे ठरवणार तुमचे डॉक्टर, तरी ते काय ठरवताहेत हे माहीत असावं. मऊ हाडात छिद्र स्क्रूपेक्षा जरा लहान पाडतात, म्हणजे स्क्रू जाळीदार हाड दाबत आत जातो आणि पकड वाढते. छिद्र पाडताना हाड तापू देत नाहीत; ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात, म्हणून थंड सलाइनचा फवारा चालू असतो. खरखरीत, लवकर ओला होणारा पृष्ठभाग असलेलं इम्प्लांट निवडतात. दोन-तीन इम्प्लांट शेजारीशेजारी असतील तर त्यांच्यावर बसवलेले दात एकमेकांना जोडतात, भार वाटला जातो.

त्याच दिवशी दात लावून देण्याचा मोह टाळा. तशा घाईसाठी बसवतानाचा टॉर्क, म्हणजे स्क्रू पिळायला लागणारा जोर, साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर तरी हवा, आणि मऊ हाडात तो क्वचित मिळतो. हार्मोन कमी असलेल्या पेशंटमध्ये मी इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवते आणि खालच्या जबड्यात तीनऐवजी चार महिने, वरच्या जबड्यात सहा महिने थांबते. जुन्या पद्धतीत सगळ्यांनाच एवढं थांबायला सांगत.

स्थिरता मोजायचं एक छोटं यंत्र असतं, त्याचा आकडा आयएसक्यू म्हणून १ ते १०० मध्ये येतो. ७० च्या वर चांगली पकड, ६० च्या खाली कमी. बसवताना आणि दात लावण्याआधी असे दोन आकडे मागून घ्या. त्या बाईंचा बसवताना ५८ होता, सहा महिन्यांनी ७१. मग कॅप बसवली.

सातवी पायरी : पहिले तीन महिने

सुरुवातीला सांगितलेली कच्ची वेळ आठवा. दुखत नाही म्हणून त्या बाजूने चावायला सुरुवात करू नका. वर कवळी घालत असाल तर इम्प्लांटच्या जागी ती आतून घासून मऊ अस्तर लावून घ्या, कारण कवळीचा सततचा दाब हिरडीतून खाली पोचतो. जिभेने किंवा बोटाने हलवून पाहू नका. सिगारेट बंद. औषधं, डीचा डोस, साखरेचा ताळा ह्याच काळात सैल सोडतात असा माझा अनुभव आहे, कारण "ऑपरेशन तर झालं". हाडाचं खरं काम तेव्हा सुरू झालेलं असतं.

दोन आठवड्यांनंतर दुखणं पुन्हा वाढलं, पू आला, खालचा ओठ बधिर राहिला, हिरडीतून खडबडीत हाड जिभेला लागलं, किंवा इम्प्लांट हललं, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

आठवी पायरी : पुढची वर्षं

कॅप बसवल्याच्या दिवशी एक्स-रे काढून घ्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होते. पहिल्या वर्षात कडेचं हाड साधारण १ ते १.५ मिलिमीटर उतरणं आणि नंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी उतरणं, हा १९८६ पासून वापरात असलेला निकष आहे.

हाड उतरतंय आणि हिरडीतून रक्त किंवा पू येतोय, दोन्ही एकत्र असेल तर तो पेरी-इम्प्लांटायटिस. त्याची सुरुवात जंतूंपासून होते. हार्मोनची कमतरता त्या सुजेला जोर देते आणि हाड भरून येण्याची ताकद कमी करते. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी सफाई, रोज इम्प्लांटभोवती इंटरडेंटल ब्रश. तोंड कोरडं पडत असेल तर वारंवार पाण्याचे घोट आणि डॉक्टरांना विचारून फ्लोराइडचं जेल. ब्रशला रक्त लागलं तर घासणं थांबवू नका, दाखवायला या.

इम्प्लांट बसून पाच वर्षं झाल्यावर हाडांचं इंजेक्शन सुरू झालं, तरीही दातांच्या डॉक्टरांना कळवा. जबड्याच्या हाडाचा त्रास जुन्या, चांगल्या बसलेल्या इम्प्लांटभोवतीही उद्भवू शकतो. ही औषधं सुरू व्हायच्या आधी तोंड तपासून घेता आलं, काढायचे दात काढून जखमा भरल्या, तर सगळ्यात बरं.

इम्प्लांट निघालं तर

योग्य तयारी करूनही काही इम्प्लांट निघतात. लवकर निघालेलं इम्प्लांट सहसा फार दुखत नाही. ते सैल असतं, काढायला दोन मिनिटं लागतात. जागा स्वच्छ करून तीन ते सहा महिने भरू द्यायची. त्या वेळात दुसऱ्या पायरीच्या तपासण्या पुन्हा करा, विशेषतः डी, एचबीए१सी आणि टीएसएच. पहिल्या वेळी न तपासलेलं काही राहिलं होतं का ते पाहा, पुरुष असाल तर टेस्टोस्टेरॉनही. निघालेल्या इम्प्लांटची कंपनी, लांबी, जाडी, बसवतानाचा टॉर्क आणि आयएसक्यू लिहिलेला कागद मागून घ्या. दुसऱ्यांदा बसवणारे डॉक्टर वेगळे असले तरी त्यांना त्या कागदावरून पुष्कळ कळेल: हाड किती मऊ होतं, मागच्या वेळी किती थांबले होते, आणि ह्या वेळी किती थांबायला हवं.